आयुष्यभराची गोळी आणि समाजाचा हिशेब



औषध हा विषय डॉक्टरांचा, किंमत हा विषय व्यापाऱ्याचा आणि आजार हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा, अशी विभागणी आपल्या समाजाने मनोमन मान्य केलेली आहे. या विभागणीत एक प्रश्न मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही. चाळिशीतल्या माणसाला एक गोळी सुरू होते आणि ती पुढे तीस-पस्तीस वर्षे, बहुधा अखेरच्या दिवसापर्यंत, घ्यावी लागते. त्या गोळीचा साकल्याने हिशेब कोणी ठेवायचा? तिच्यापासून झालेला लाभ, तिच्यामुळे हळूहळू घडलेली हानी, तिच्यासाठी घरखर्चातून वळवलेला पैसा आणि तिच्यामुळे दृष्टीआड झालेली आजाराची मूळ कारणे, या चारही रकमा एकाच वहीत मांडणारा हिशेबनीस आज आपल्याकडे नाही. इन्शुलिनला शरीराकडून होणारा प्रतिरोध आणि त्यासाठी दिली जाणारी दीर्घकालीन औषधे, या एका उदाहरणावरून हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. या विवेचनाचा अर्थ कोणी गोळ्या बंद कराव्यात असा मुळीच नाही. मधुमेहाच्या रुग्णाने मनाने औषध थांबवणे म्हणजे डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांवर स्वतःहून संकट ओढवून घेणे होय. येथे टीका आहे ती औषधावर नाही, तर औषध देऊन जबाबदारी संपली असे समजणाऱ्या व्यवस्थेवर.

आजाराचे स्वरूप

स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन हे रक्तातील शर्करा स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशींपर्यंत पोहोचवण्याचे काम करते. काही शरीरांत या पेशी इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशा होतात. दार वाजवूनही आतून कोणी उघडीना म्हणजे माणूस ते अधिक जोराने वाजवतो, तसे स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन तयार करू लागते. कित्येक वर्षे हा व्यवहार बिनबोभाट चालतो. रक्तशर्करा जवळजवळ योग्य पातळीत राहते आणि माणसाला आजाराचा पत्ताही लागत नाही. पुढे स्वादुपिंडाची शक्ती थकते, शर्करा चढू लागते, आणि प्रथम मधुमेहपूर्व अवस्था व नंतर मधुमेह असे निदान होते. रक्तदाब, हृदयविकार, यकृतात साठणारी चरबी, स्त्रियांच्या बीजकोशाचे काही विकार, यांचेही नाते या प्रतिरोधाशी आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ज्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्या अंदाजानुसार २०२१ साली भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह होता आणि १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत होते. मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के व खेड्यांत ८.९ टक्के आढळले. मधुमेहपूर्व अवस्थेचे प्रमाण मात्र शहरांत १५.४ आणि खेड्यांत १५.२ टक्के, म्हणजे जवळजवळ समान निघाले. श्रीमंतांचा रोग म्हणून ज्याची आजवर थट्टा झाली, तो खेड्याच्या वेशीत केव्हाच शिरला आहे, हा या आकड्यांचा अर्थ होय.

लाभ आज, हानी उद्या

टायफॉइडचे औषध दोन आठवडे घ्यायचे असते. त्याचा गुण आणि त्याचा दोष हे दोन्ही त्या मुदतीत बहुधा कळून येतात. आयुष्यभराच्या औषधाचे तसे नसते. शर्करा उतरली हे आठवड्यात दिसते; हृदयावर, यकृतावर वा हाडांवर काय परिणाम झाला हे कळायला वर्षे लागतात. बाजारात येण्याची परवानगी मात्र तुलनेने अल्प मुदतीच्या प्रयोगांवर मिळते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर नफा आधी वसूल होतो आणि तोट्याचे बिल नंतर, तेही दुसऱ्याच्या नावावर येते. इन्शुलिन-प्रतिरोधावरील औषधांचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास या विधानाची साक्ष देतो.

फेनफॉर्मिन हे औषध १९५० च्या दशकात आले. त्यामुळे काही रुग्णांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल साचून मृत्यू ओढवतात असे दिसून आल्यावर अमेरिकेने १९७७ मध्ये ते बाजारातून दूर केले. भारतात त्यावर बंदी आली ती ऑक्टोबर २००३ मध्ये. मधली सव्वीस वर्षे ही काही वैज्ञानिक मतभेदाची वर्षे नव्हती. ती शासकीय अनास्थेची वर्षे होती.

त्यानंतर ज्यांनी थेट इन्शुलिन-प्रतिरोधावरच काम करण्याचा दावा केला त्या ग्लिटाझोन गटाचा क्रम लागला. त्यातील पहिले ट्रॉग्लिटाझोन १९९७ मध्ये अमेरिकेत आले. यकृत निकामी होण्याच्या घटना पुढे येताच ब्रिटनमध्ये ते त्याच वर्षाच्या डिसेंबरात मागे घेण्यात आले. अमेरिकेत मात्र ते मार्च २००० पर्यंत विकले जात राहिले. दुसरे रोझिग्लिटाझोन १९९९ मध्ये आले. त्याने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, असा निष्कर्ष मे २००७ मध्ये स्टीव्हन निसेन यांनी आधीच्या अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून मांडला. २०१० मध्ये युरोपने त्याची विक्री स्थगित केली, अमेरिकेने कडक निर्बंध घातले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये भारताने बंदी घातली. पुढे २०१३ मध्ये पुराव्यांची फेरतपासणी होऊन अमेरिकेने आपले निर्बंध शिथिल केले. धोका मानला गेला तितका होता की नव्हता, याविषयी तज्ज्ञांत मतभेद होऊ शकतात. परंतु २०१२ मध्ये या औषधाच्या निर्मात्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने अमेरिकेच्या शासनाशी तीन अब्ज डॉलरांची जी तडजोड केली, तिच्यातील मान्य केलेल्या गुन्ह्यांमध्ये या औषधाच्या सुरक्षिततेविषयीची काही माहिती शासनाला न कळवणे हाही एक गुन्हा होता. खरा प्रश्न येथे आहे. मतभेद मिटवायला लागणारी माहितीच जर विक्रेत्याच्या कुलपात राहत असेल, तर विज्ञानाने निर्णय द्यायचा कसा?

तिसऱ्या पायोग्लिटाझोनची कथा आपल्या घरातलीच आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून फ्रान्सने जून २०११ मध्ये त्याचा वापर थांबवला. भारताने १८ जून २०१३ रोजी त्याची निर्मिती व विक्री स्थगित केली आणि अवघ्या सहा आठवड्यांत, ३१ जुलै रोजी, ठळक इशारा छापण्याच्या अटीवर ती स्थगिती उठवली. औषध स्वस्त होते, अनेक रुग्णांना ते लागू पडत होते आणि अनेक डॉक्टरांनी बंदीला विरोध केला होता. स्थगिती उठवण्यामागे ही कारणे होती आणि ती सर्वस्वी टाकाऊ नव्हती. तथापि बंदी घालताना काय आणि ती उठवताना काय, लाखो भारतीय रुग्ण वर्षानुवर्षे हे औषध घेत असूनही त्यांच्या अनुभवाची पद्धतशीर नोंद असलेली वही शासनापाशी नव्हती. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रमच मुळी जुलै २०१० मध्ये सुरू झाला. परदेशी आकडेवारीवर बंदी घालायची आणि देशी गलबल्यावर ती उठवायची, याला औषधनीती म्हणता येणार नाही.

मेटफॉर्मिन: चांगल्या औषधाचाही हिशेब

या इतिहासात मेटफॉर्मिनचे स्थान वेगळे आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. गॅलेगा या युरोपीय वनस्पतीतील द्रव्याच्या अभ्यासातून ही औषधांची जात पुढे आली. फ्रान्समध्ये झाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मेटफॉर्मिनचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. यकृतातून होणारी शर्करेची निर्मिती ते कमी करते, वजन वाढवत नाही आणि एकटे घेतल्यास शर्करा धोकादायक रीतीने सहसा खाली नेत नाही. ब्रिटनमधील दीर्घकालीन प्रयोगाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, तेव्हा वजन जास्त असलेल्या मधुमेही रुग्णांत या औषधाने मृत्यूचे प्रमाण घटते असे दिसले, आणि हा लाभ पुढील दहा वर्षांच्या पाहणीतही टिकून राहिला. ते स्वस्त आहे आणि कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही.

परंतु चांगल्या औषधालाही दीर्घकाळाचा हिशेब चुकत नाही. मेटफॉर्मिनमुळे बी-१२ या जीवनसत्त्वाचे आतड्यातील शोषण कमी होते. नेदरलँड्समध्ये चार वर्षांहून अधिक काळ चाललेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रुग्णांच्या रक्तातील बी-१२ ची पातळी १९ टक्क्यांनी घटलेली आढळली, आणि औषधाचा काळ वाढेल तशी ही घट वाढत गेली. ब्रिटनच्या औषध-नियामकाने २०२२ मध्ये धोका असलेल्या रुग्णांची बी-१२ तपासणी करीत राहावे असा सल्ला दिला. आता भारताचा विचार करा. येथे कोट्यवधी लोक शाकाहारी आहेत, आणि जे मांसाहारी म्हणवतात त्यांच्याही ताटात मांस-मासळी क्वचितच पडते. बी-१२ ची कमतरता आपल्याकडे आधीच व्यापक आहे. तिच्यावर वर्षानुवर्षे मेटफॉर्मिनची भर पडली तर हातपायांना मुंग्या येणे, बधिरपणा, अशक्तपणा ही लक्षणे दिसू लागतात. मधुमेहाने होणारा मज्जातंतूंचा विकारही नेमक्या याच लक्षणांनी प्रकट होतो. मग मधुमेह बळावला असे समजून आणखी एक गोळी वाढते. जी तूट स्वस्त जीवनसत्त्वाने भरून निघाली असती, ती औषधाच्या वाढत्या यादीखाली गाडली जाते. मूत्रपिंडांचे कार्य फार घटले असेल तर हे औषध देऊ नये, असा नियम आहे. परंतु मूत्रपिंडांची तपासणी वर्षानुवर्षे न होता केवळ जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या घेणाऱ्यांची संख्या आपल्या गावोगावच्या औषधदुकानांत सहज दिसेल.

बाजार गोळी विकतो. गोळीबरोबर जी देखरेख द्यावी लागते ती विकत नाही. कारण गोळीत फायदा आहे आणि देखरेखीत खर्च. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवेत विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, म्हणून येथे सामान्य बाजाराचे नियम लागू पडत नाहीत. दीर्घकालीन औषधाच्या बाबतीत हे सत्य दुप्पट तीव्र होते. येथे घेणाऱ्याला आजचे ठाऊक नसते आणि विकणाऱ्यालाही उद्याचे ठाऊक नसते. किंवा ठाऊक असले तरी सांगण्यात त्याचा लाभ नसतो.

रेषा कोण आखतो?

मधुमेह झालेल्यांना औषध देणे ही एक गोष्ट. ज्यांना अद्याप तो झालेला नाही त्यांना तो होऊ नये म्हणून आयुष्यभर औषध देणे ही दुसरी. या दोहोंमध्ये एक रेषा असते, आणि ती निसर्गाने आखलेली नसते, समित्यांनी आखलेली असते. उपाशीपोटी रक्तशर्करा ११० च्या पुढे गेली की मधुमेहपूर्व अवस्था, असा दंडक होता. अमेरिकन मधुमेह संघटनेने २००३ मध्ये तो १०० वर आणला. जागतिक आरोग्य संघटनेने ११० च कायम ठेवला. लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी रात्री निरोगी झोपलेली असंख्य माणसे सकाळी रोगाच्या उंबरठ्यावर जागी झाली. रेषा खाली आणण्यामागे वैद्यकीय युक्तिवाद होता, तो खोटा म्हणता येणार नाही. परंतु ज्या रेषेच्या सरकण्याने बाजाराचा आकार बदलतो, ती आखणाऱ्यांचे हितसंबंध उघड असावेत आणि तिचा खर्च कोणावर पडणार हे आधी मोजले जावे, ही अपेक्षा लोकशाहीत अवाजवी ठरू नये.

भारतातीलच एक प्रयोग येथे मार्गदर्शक ठरतो. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३१ जणांवर केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, ग्लुकोज दिल्यानंतरची शर्करा बिघडलेल्या, पण मधुमेह न झालेल्या लोकांचे चार गट केले होते. ज्यांना काहीच विशेष उपाय दिला नाही, त्यांच्यापैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. रोजचे चालणे व आहाराचा सल्ला ज्यांना दिला त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के, केवळ मेटफॉर्मिन दिलेल्यांत ४०.५ टक्के आणि दोन्ही दिलेल्यांत ३९.५ टक्के होते. म्हणजे गोळीने जे साधले तेच चालण्याने व आहाराने साधले, आणि दोन्ही एकत्र करून अधिक काही पदरात पडले नाही.

हेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचावेत. शंभर जणांनी तीन वर्षे रोज गोळी घेतली, तर त्यांतील चौदा-पंधरा जणांचा मधुमेह त्या काळापुरता टळला; चाळीस जणांना गोळी घेऊनही तो झाला; आणि पंचेचाळीस जणांना गोळी न घेताही तो झाला नसता. यातले कोण कोणत्या गटात आहे हे आधी सांगता येत नाही. चौदा-पंधरा जणांचा लाभ लहान नाही. परंतु उरलेल्या पंच्याऐंशी जणांच्या शरीरातून ते औषध गेले, हेही तितकेच खरे आहे. अमेरिकेतील २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात तर आहार-व्यायामाने ५८ टक्के आणि मेटफॉर्मिनने ३१ टक्के इतकी घट दिसली होती. आणि औषध एक-दोन आठवडे थांबवून पुन्हा तपासले असता त्या ३१ टक्क्यांतील काही भाग हा रोग टळल्याचा नसून नुसता झाकला गेल्याचा होता, असे आढळले.

आता ही गोळी देशातील सर्व १३.६ कोटी मधुमेहपूर्व लोकांना द्यायची असे क्षणभर धरून चालू. दररोज एक या हिशेबाने वर्षाला जवळजवळ पाच हजार कोटी गोळ्या लागतील. एका गोळीला दीड रुपया धरला तरी साडेसात हजार कोटी रुपये दरवर्षी, आणि त्यात तपासण्या व डॉक्टरांची फी धरलेली नाही. हा खर्च एका वर्षाचा नव्हे, तर पिढीचा आहे. इतकी रक्कम खर्च करण्याची तयारी असेल, तर ती कोठे खर्च करणे अधिक फलदायी, हा प्रश्न वैद्यकाचा राहत नाही. तो राजकीय अर्थशास्त्राचा होतो.

रोगाचे मूळ गर्भात आणि ताटात

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि मुलांचा अभ्यास चालवला. त्या गावांत जन्मणारे मूल सरासरी २.७ किलोचे, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे सुमारे साडेतीन किलोचे. परंतु आपले हे हडकुळे मूल स्नायूंनी आणि अवयवांनी लहान असले तरी चरबीने त्या मानाने तितके लहान नव्हते. दिसायला कृश आणि आतून मेदयुक्त, अशी ही भारतीय शरीररचना जन्मापासूनच असल्याचे या अभ्यासाने दाखवले. पुढे २००८ मध्ये याच अभ्यासातून दिसले की गरोदरपणी ज्या मातांना बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांची मुले सहाव्या वर्षीच अधिक इन्शुलिन-प्रतिरोधी होती.

म्हणजे आज ज्याला आपण जीवनशैलीचा रोग म्हणतो त्याचा पाया आईच्या अपुऱ्या ताटात घातला जातो. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यातील उपासमारीत जी मुले गर्भात होती, ती पन्नाशीत आल्यावर त्यांच्या रक्तशर्करेचे नियमन बिघडलेले आढळले, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. महाराष्ट्राने १९७२-७३ चा दुष्काळ पाहिला आहे. सुमारे पन्नास लाख माणसे तेव्हा दुष्काळी कामांवर होती. मिलो आणि सुकडीवर दिवस काढून बायका खडी फोडत होत्या, आणि त्यांत गरोदर बायकाही होत्या. त्या वर्षी जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. डच अनुभव आपल्या मातीला जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु त्या पिढीतील मधुमेही माणसाला तुझ्या सवयी वाईट म्हणून तुला रोग झाला असे सांगण्यापूर्वी, त्याच्या जन्मापूर्वी समाजाने त्याच्या आईला काय खाऊ घातले होते, हे विचारण्याचे धैर्य दाखवले पाहिजे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे आयुष्यभराच्या गोळीचा एक निराळाच अर्थ दिसू लागतो. पोषणावर जो खर्च समाजाने करायला हवा होता आणि केला नाही, ते कर्ज चाळीस वर्षांनी व्याजासह त्या व्यक्तीच्या खिशातून वसूल होते. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपयांचे साहाय्य देण्याचे वचन दिले. २०१७ मध्ये जी केंद्रीय योजना आली तिने पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये ठरवले. कायद्याने दिलेला शब्द योजनेने कापून दिला. शिधावाटपातून मुख्यत्वे तांदूळ आणि गहू मिळतो. ज्या ज्वारी-बाजरीवर दख्खनचा शेतकरी वाढला ती त्याच्या रेशनच्या पिशवीत अपवादानेच येते, आणि डाळ, दूध, अंडी, भाजी ही बाजारभावाने घ्यावी लागतात. पोट पिठाने भरायचे आणि मग पिठाने चढलेली शर्करा गोळीने उतरवायची, असे हे दुष्टचक्र आहे.

याचा अर्थ गरिबांना चालण्याचे आणि सॅलड खाण्याचे प्रवचन द्यावे असा नव्हे. दोन पाळ्या करणाऱ्या रिक्षाचालकाला पहाटे फिरायला जा म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. केरळमध्ये गावपातळीवरील सहकारी गटांच्या साह्याने जो प्रयोग झाला, त्याच्या २०१८ मधील निष्कर्षांत मधुमेहाच्या प्रमाणात लक्षणीय घट दिसली नाही, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. चीनमधील दाचिंग शहराचा अनुभव अधिक आशादायक आहे. तेथे १९८६ मध्ये ३३ दवाखान्यांतून ५७७ लोकांवर आहार-व्यायामाचा सहा वर्षांचा कार्यक्रम सुरू झाला. तीस वर्षांनंतर पाहणी केली तेव्हा त्या लोकांत मधुमेह जवळजवळ चार वर्षांनी लांबला होता, हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार २६ टक्क्यांनी कमी होते आणि आयुर्मान सुमारे दीड वर्षाने वाढले होते. हे कार्य उपदेशाने झाले नाही. घराजवळच्या दवाखान्यातून, त्याच त्या माणसांच्या वर्षानुवर्षांच्या संपर्काने झाले.

किंमत, मिश्रणे आणि नवी इंजेक्शने

जयसुखलाल हाथी समितीने १९७५ मध्ये औषधे टप्प्याटप्प्याने मूळ नावाने विकली जावीत अशी शिफारस केली होती. ती शिफारस कागदावर राहिली. १९७९ च्या आणि १९९५ च्या किंमत-नियंत्रण आदेशांत निदान उत्पादनखर्च हा पाया होता. २०१३ च्या आदेशाने तो पाया सोडून, बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या कंपन्यांच्या किमतींची सरासरी ही मर्यादा ठरवली. ज्या किमती जास्त आहेत अशी तक्रार, त्यांचीच सरासरी काढून तिला न्याय्य किंमत म्हणण्याचा हा प्रकार आहे. शिवाय आवश्यक औषधांच्या यादीबाहेरील औषधांना ही मर्यादा लागत नाही. त्यांची किंमत वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा आहे. मग यादीतल्या साध्या मेटफॉर्मिनमध्ये आणखी एक-दोन औषधे मिसळून नवी मिश्रणे काढण्याचा मोह कंपन्यांना न होता तरच नवल! मार्च २०१६ मध्ये केंद्र शासनाने अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, त्यांत मेटफॉर्मिनयुक्त अनेक मिश्रणे होती. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर फेरविचार होऊन सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. मिश्रणाचा तोटा केवळ पैशाचा नाही. तीन औषधे एका गोळीत असली की त्यांतील एक कमी करायचे वा थांबवायचे स्वातंत्र्य डॉक्टरालाही उरत नाही.

आता वजन आणि शर्करा दोन्ही उतरवणारी नवी इंजेक्शने आली आहेत. तिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारताच्या बाजारात दाखल झाले. त्यांचा गुण मोठा आहे, याविषयी वाद नाही. परंतु सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर वर्षभरात, कमी झालेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश वजन परत आले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. म्हणजे येथेही औषध सुरू करणे हा निर्णय आयुष्यभराचा आहे, आणि तो घेताना माणसाला तसे स्पष्ट सांगितले जाणे हा त्याचा हक्क आहे.

आपल्या देशात आरोग्यावरील एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च २०२१-२२ मध्ये लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. शासनाचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो अडीच टक्के करण्याचे वचन दिले होते. विम्याच्या योजना मुख्यत्वे रुग्णालयात भरती झालेल्यांसाठी आहेत. रोजची गोळी त्यांत बसत नाही. परिणामी एक दुहेरी अन्याय घडतो. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला गरज नसतानाही गोळीवर गोळी मिळत राहते, आणि ज्याला खरोखर गरज आहे तो मजूर पगाराच्या आठवड्यात गोळी घेतो व उसनवारीच्या आठवड्यात सोडतो. एकाला अतिरेकाची भीती, दुसऱ्याला अभावाची. आणि दोघांवरही देखरेख कोणाचीच नाही.

काय करावे

उपाय असाध्य नाहीत. देशात असांसर्गिक रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. २०२३ मध्ये रक्तदाब व मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत नियमित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्टही जाहीर झाले. परंतु उपचारांखाली आणणे म्हणजे गोळ्यांची पाकिटे वाटणे नव्हे. आयुष्यभराचे औषध घेणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रातच मूत्रपिंडांची, बी-१२ ची आणि गेल्या तीन महिन्यांतील शर्करेची तपासणी विनामूल्य झाली पाहिजे, आणि हे औषध अजून हवे का, याच मात्रेत हवे का, असा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला गेला पाहिजे. औषध सुरू करण्याचा नियम असतो तसा ते कमी करण्याचाही नियम हवा. दीर्घकालीन औषधांच्या परिणामांची सार्वजनिक नोंदवही शासनाने ठेवावी, आणि प्रयोगांची माहिती दडवणे हा अपराध मानावा. मधुमेहपूर्व अवस्थेतील सरसकट सर्वांना गोळी न देता, ज्यांना धोका अधिक त्यांनाच ती विचारपूर्वक द्यावी. आवश्यक औषधांची किंमत पुन्हा उत्पादनखर्चाशी जोडावी. औषधकंपन्यांनी डॉक्टरांवर करावयाच्या खर्चाची जी आचारसंहिता २०१५ मध्ये ऐच्छिक म्हणून आली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या रूपात आली, तिला कायद्याचे दात द्यावेत. आणि या सर्वांच्या आधी गरोदर स्त्रीच्या ताटात डाळ, दूध, अंडे आणि रेशनच्या पिशवीत ज्वारी-बाजरी पोहोचवावी. इन्शुलिन-प्रतिरोधावरील सर्वांत दीर्घकालीन औषध तेच आहे, आणि त्याचे दुष्परिणाम आजवर कोणी नोंदवलेले नाहीत.

गोळीचा राग धरण्याचे कारण नाही. तिने असंख्यांचे प्राण वाचवले आहेत आणि पुढेही वाचवील. परंतु समाजाने जे करायचे ते न करता व्यक्तीला गोळी हाती देऊन वाटेला लावणे, हे आरोग्यशास्त्र नव्हे. ज्या व्यवस्थेत आजार घडवणारी कारणे सार्वजनिक आहेत आणि त्यांचे बिल मात्र खाजगी आहे, तिथे प्रत्येक आरोग्य केंद्रात, प्रत्येक ग्रामसभेत आणि प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी हा हिशेब मागितला गेला पाहिजे. तो मागणे हे रुग्णाचे काम आहे असे समजून निरोगी माणसाने बाजूला बसू नये, कारण १३.६ कोटी या आकड्यात आज आपण आहोत की नाही, हे पुष्कळांना अद्याप ठाऊकच नाही.